लेकीच्या मापाचा आदेश

आमच्या परस्परसंमतीच्या घटस्फोटाचा हुकूमनामा २०१५ साली पुण्यात झाला, तेव्हा माझी लेक पाच वर्षांची होती. हुकूमनाम्याला जोडलेल्या संमतीच्या अटींमध्ये, ज्यांना न्यायालयाच्या आवारात सगळेच ‘कन्सेंट टर्म्स’ म्हणतात, तिच्याविषयी एकूण पाच कलमे होती. ताबा आईकडे राहील. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळेत ती बाबांकडे जाईल. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी निम्मी निम्मी वाटून घेतली जाईल. अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत बाबा तिच्यासाठी दरमहा ७,००० रुपये देतील. आणि त्यांच्या लेखी संमतीशिवाय किंवा न्यायालयाच्या परवानगीशिवाय आई तिला कायमच्या वास्तव्यासाठी पुण्याबाहेर नेणार नाही. आम्ही दोघांनी प्रत्येक पानावर सह्या केल्या, आणि आपल्या लेकीचा प्रश्न कायमचा सुटला असे मानून मी ती कागदपत्रे कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवून दिली.

सात वर्षांनी ती पुन्हा खाली काढावी लागली. मी राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी करते. २०२२ च्या मे महिन्यात मला बढती मिळाली आणि बढतीबरोबर नागपूरची बदली आली. नागपूर हे माझे माहेर आहे, त्यामुळे कोणालाही वाटावे तसे मलाही वाटले की आता सगळे सोपे झाले. माझ्या आईने मात्र फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘अगं, पण तिच्या रविवारांचं काय?’’ पुणे ते नागपूर हे अंतर रेल्वेने एका रात्रीचे आहे. महिन्यातून दोनदा सात तासांच्या भेटीसाठी बारा वर्षांच्या मुलीला दोन दोन रात्री प्रवास घडवणे शक्य नव्हते, आणि पाचवे कलम तर माझ्यासमोर उभेच होते.

माझा पहिला विचार काय होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. बदलीच्या जागी रुजू व्हायचे, लेकीचा शाळेचा दाखला काढायचा, आणि पुढे तिच्या बाबांनी तक्रार केलीच तर तेव्हा बघू, असे मी मनाशी ठरवत आले होते. ‘बाळंतपणापासून आजवर सगळं मीच केलं, ते सात हजारांवर कधी गेले नाहीत,’ हे वाक्य मी त्या आठवड्यात स्वतःला किती वेळा ऐकवले असेल, त्याची गणती नाही. माझ्या वकीलबाईंनी मला तिथेच थांबवले. न्यायालयाचा आदेश मोडून मुलाला हलवणाऱ्या पालकाकडे न्यायालय कोणत्या नजरेने पाहते, हे त्यांनी मला स्पष्ट शब्दांत सांगितले. त्यानंतर मी आयुष्यात पहिल्यांदा विचारले की, संमतीच्या अटी बदलता येतात का?

हा प्रश्न मला सात वर्षे पडला नव्हता आणि माझ्यासारख्या अनेकींना तो पडत नाही, म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर लिहिते. उभय पक्षांच्या संमतीने झालेल्या हुकूमनाम्याविरुद्ध अपील करता येत नाही, अशी तरतूद कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ मध्ये आहे. बहुतेकांनी तेवढेच ऐकलेले असते आणि ‘आता सह्या झाल्या, विषय संपला’ असा त्याचा अर्थ लावलेला असतो. घटस्फोटापुरता तो अर्थ बरोबरही आहे; मुलांच्या बाबतीत मात्र तसे नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २६ प्रमाणे अज्ञान (म्हणजे अठरा वर्षांखालील) मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांविषयी न्यायालय हुकूमनाम्यानंतरही, कोणत्याही पालकाच्या अर्जावरून, वेळोवेळी नवे आदेश देऊ शकते आणि आधीचे आदेश रद्द करू शकते, स्थगित करू शकते किंवा बदलू शकते. ‘वेळोवेळी’ हा शब्द कायद्यातच आहे. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न केलेल्यांसाठी अशीच तरतूद त्या कायद्याच्या कलम ३८ मध्ये आहे. गोव्यातील कौटुंबिक कायदा पोर्तुगीज काळापासूनचा आणि वेगळा असल्यामुळे तिथल्या वाचकांनी तिथल्याच वकिलांना विचारावे.

सर्वोच्च न्यायालयाने रोझी जेकब यांच्या खटल्यात १९७३ सालीच म्हटले आहे की, ताब्याविषयीचे आदेश ताठर आणि अंतिम नसतात, परिस्थिती बदलली की मुलाच्या हितासाठी ते बदलता येतात, आणि आदेश संमतीने झालेला असला तरी हेच लागू होते. २०१० मधला विक्रम वीर वोहरा विरुद्ध शालिनी भल्ला हा निकाल तर जणू माझ्याच प्रश्नाविषयी होता. तिथेही घटस्फोट परस्परसंमतीने झाला होता, मुलाच्या भेटींच्या अटी ठरलेल्या होत्या आणि नोकरीसाठी आईला मुलासह ऑस्ट्रेलियाला जायचे होते. न्यायाधीशांनी मुलाशी स्वतः बोलून, वडिलांच्या भेटींची व्यवस्था करून, आईला मिळालेली परवानगी कायम ठेवली. मी तो निकाल वाचला आणि जिंकल्याच्या आनंदात वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘‘आता धनवंती जोशींचा निकालही वाचा.’’ १९९७ सालचा तो निकाल मुंबईतून वर गेलेल्या प्रकरणातला आहे. वडील अमेरिकेत, सुस्थितीत. आईने मुलाला भारतात वाढवलेले. आणि वडिलांना ताबा हवा होता. न्यायालयाने आईकडचा ताबा कायम ठेवताना जे तत्त्व सांगितले ते दोन्ही बाजूंना बांधणारे आहे: ताब्याचे आदेश कधीही अंतिम नसतात हे खरे, पण बदल मुलाच्या हिताचा आहे हे आधी सिद्ध व्हावे लागते. थोडक्यात, माझी बढती हे माझ्या आयुष्यातले कारण होते. माझ्या लेकीच्या दृष्टीने नागपूर बरे का, हे मला वेगळे दाखवायचे होते.

मी जूनमध्ये एकटीच नागपूरला रुजू झाले. आई पुण्याला येऊन लेकीजवळ राहिली, तिचे सातवीचे वर्ष पुण्यातच पूर्ण करायचे ठरले, आणि ज्या न्यायालयाने हुकूमनामा दिला होता तिथेच मी कलम २६ खाली अर्ज केला. अर्जात दोन मागण्या होत्या: वास्तव्य नागपूरला हलवण्याची परवानगी आणि पोटगीत वाढ.

पोटगीविषयी मी सात वर्षे एक मोठी चूक करत आले होते. २०१५ मध्ये लेकीच्या शाळेची वर्षाची फी १८,००० रुपये होती. २०२२ मध्ये ती ६२,००० झाली होती. शिकवणी, स्कूलबस, चष्मा, दातांच्या तारा हे सगळे वेगळे. तरीही मी एकदाही वाढ मागितली नाही. मागणे म्हणजे हात पसरणे, आणि त्यांच्यापुढे हात पसरायचा नाही, हा माझा स्वाभिमान होता. वकीलबाईंनी विचारले, ‘‘ही रक्कम तुमची आहे का?’’ मी गप्प राहिले. आदेशात स्पष्ट लिहिले होते की रक्कम मुलीच्या पालनपोषणासाठी आहे. स्वतःची पोटगी मी घटस्फोटाच्या वेळीच सोडली होती आणि तो माझा अधिकार होता. लेकीच्या हक्काचे पैसे माझ्या स्वाभिमानापोटी सोडून देण्याचा अधिकार मला कोणीही दिलेला नव्हता. ती गोष्ट मला फार लागली.

गेलेली वर्षे परतही मिळत नाहीत. मागणी मंजूर झाली तरी वाढीव रक्कम अर्जाच्या तारखेपासून मिळते. मी न मागितलेल्या सात वर्षांची वाढ कोणी देणार नव्हते. २०१५ च्या अटींमध्ये दरवर्षी दहा टक्के वाढीचे एक वाक्य आम्ही घातले असते, तर सात वर्षांनी ती रक्कम अर्ज न करताच १३,६०० च्या पुढे गेली असती. ज्यांच्या अटी आज लिहिल्या जात आहेत त्यांनी हे वाक्य घातल्याशिवाय सही करू नये, असे मला मनापासून वाटते. ज्यांचा पोटगीचा आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली झाला आहे, त्यांना रक्कम वाढवून किंवा कमी करून मागण्याची सोय कलम १२७ मध्ये होती; १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्यावर ती अनुक्रमे कलम १४४ आणि १४६ मध्ये आली आहे.

‘कमी करून’ हा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. माझ्या परिचयातील एका गृहस्थांचा पगार २०२० च्या टाळेबंदीत निम्मा झाला. त्यांनी मुलांच्या आईशी फोनवर बोलून रक्कम निम्मी केली, तिनेही तेव्हा समजून घेतले, आणि दोघांपैकी कोणीही ते लिहून न्यायालयापुढे ठेवले नाही. पुढे दोघांमध्ये वितुष्ट आल्यावर थकबाकीच्या वसुलीचा अर्ज झाला. आदेश बदलून घेतलेला नसल्यामुळे कागदावर पूर्ण रक्कमच देय राहिली होती. तोंडी समजूत कितीही चांगुलपणाने झालेली असो, आदेश जोपर्यंत बदलत नाही तोपर्यंत तो जसाच्या तसा चालू असतो. दोघांचे एकमत असेल तेव्हा तर दुरुस्त अटी संयुक्तपणे दाखल करून आदेश करून घेणे सर्वांत सोपे असते, आणि नेमके तेव्हाच कोणाला त्याची गरज वाटत नाही.

अर्जाबरोबर मालमत्ता आणि दायित्वांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात, जो मूळ नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातल्या प्रकरणातून आला, पोटगीच्या सर्व प्रकरणांत दोन्ही पक्षांनी ते द्यावे असे सांगितले आहे. ‘दोन्ही’ हा शब्द मी आधी नीट वाचला नव्हता. लेकीच्या बाबांचा खरा पगार उघड होणार एवढेच माझ्या डोक्यात होते. माझे पगारपत्रक, भविष्य निर्वाह निधी, मुदत ठेवी, आईच्या नावावरून माझ्या नावावर आलेले दागिने, घराच्या कर्जाचा हप्ता हे सगळे मलाही शपथेवर लिहावे लागले. त्याच निकालात असे म्हटले आहे की, मुलांच्या शिक्षणाचा खर्च सामान्यतः वडिलांनी करावा, पण आई पुरेशी कमावती असेल तर तो दोघांत उत्पन्नाच्या प्रमाणात वाटता येतो. मी पुरेशी कमावती आहे. प्रतिज्ञापत्र भरताना हे मला मान्य करावे लागले आणि मागणीची रक्कम मी स्वतःहून खाली आणली.

लेकीच्या बाबांनी माझ्या अर्जावर दाखल केलेले म्हणणे हातात पडले तेव्हा मात्र माझ्या पायाखालची जमीन सरकली. नागपूरला त्यांचा विरोध होता आणि त्याबरोबर लेकीचा ताबा स्वतःकडे मागणारा वेगळा अर्ज होता. त्या रात्री नागपूरच्या भाड्याच्या खोलीत मी झोपले नाही.

प्रकरण विवाह समुपदेशकांकडे गेले. कौटुंबिक न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करावा असे कायद्यातच आहे, आणि समुपदेशनाच्या खोलीत वकील नसतात. आधी आम्हाला वेगवेगळे बोलावले, मग एकत्र. मी माझी वही घेऊन गेले होते. २०१५ पासूनची प्रत्येक फीची पावती, डॉक्टरांचे प्रत्येक बिल त्यात वर्षवार चिकटवलेले होते. त्यांनीही एक वही आणली होती. तिच्यात रविवार होते. एकट्या २०१९ सालच्या चोवीस रविवारांपैकी पंधराच भेटी झाल्या होत्या, आणि उरलेल्या नवांसमोर त्यांनी बारीक अक्षरात कारणे लिहिली होती: ताप, चाचणी परीक्षा, मावशीचे लग्न, सहल, पुन्हा ताप. सगळी कारणे खरी होती आणि सगळी मीच कळवली होती. त्या नऊ रविवारांच्या बदल्यात मी दुसरा एकही दिवस दिला नव्हता. तसे करायला हवे होते हेसुद्धा माझ्या मनात कधी आले नव्हते, कारण अटींत तसे लिहिलेले नव्हते.

समुपदेशकबाईंनी दोन्ही वह्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि विचारले, ‘‘यातलं कुणाचं किती राहिलं, हे तुम्ही दोघं एकमेकांना सांगताय. मुलीचं किती राहिलं?’’ माझ्या वहीतले पैसे तिचे होते आणि त्यांच्या वहीतले रविवारही तिचेच होते. मी एक गोष्ट स्वाभिमानापोटी सोडली होती आणि दुसरी सवयीपोटी अडवली होती. त्यांनीही इतक्या वर्षांत फी किती झाली, हे स्वतःहून एकदाही विचारले नव्हते, आणि त्या दिवशी त्यांनी ते कबूल केले.

लेकीशी समुपदेशक बोलल्या आणि पुढे न्यायाधीशबाई स्वतः त्यांच्या दालनात बोलल्या. जाणत्या वयाच्या मुलाची इच्छा विचारात घ्यावी असे कायदा सांगतो. मात्र ती इच्छा म्हणजे निकाल नसतो, आणि म्हणूनच कोणत्याही आईने किंवा बापाने मुलाला त्या दालनात पाठवण्यापूर्वी काहीही शिकवू नये. मी शिकवले नाही, पण ती बाहेर आल्यावर ‘काय विचारलं?’ असे विचारण्याचा मोह मला आवरता आला नाही. तिने उत्तर दिले नाही. तिने काय मागितले हे मला अटींचा मसुदा करताना समुपदेशकांकडून कळले. तिला गणपतीत बाबांच्या गावी जायचे होते. साताऱ्याजवळच्या त्यांच्या घरी गौरी-गणपती असतात, तिची सगळी चुलत भावंडे तिथे जमतात, आणि २०१५ नंतर ती एकदाही त्या घरी गौरीच्या जेवणाला नव्हती, कारण रविवारच्या दहा ते पाच या वेळेत साताऱ्याच्या गौरी कधी बसल्या नाहीत. दिवाळी आणि उन्हाळा वाटून घेताना आम्हा दोघांपैकी एकालाही गणपती आठवले नव्हते. पाच वर्षांच्या मुलीला ते सांगता आले नव्हते.

ताब्याचा अर्ज त्यांनी मागे घेतला आणि २०२३ च्या फेब्रुवारीत नव्या अटींवर आदेश झाला. पाचवे कलम गेले. रविवार गेले आणि त्यांच्या जागी अखंड दिवस आले: उन्हाळ्याच्या सुट्टीतले चार आठवडे बाबांकडे, दिवाळीत भाऊबीजेपासून पुढची सुट्टी एका वर्षाआड, आणि गौरी-गणपतीचे पाच दिवस दरवर्षी साताऱ्याला, शाळेची रजा काढून. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनअखेरीस उघडतात, त्यामुळे चार आठवडे देणे सोपे गेले. आठ दिवस आधी कळवून ते नागपूरला कोणत्याही शनिवार-रविवारी येऊ शकतात. आठवड्यातून तीन वेळा व्हिडिओ कॉल आहे, आणि त्या वेळी मी खोलीत नसावे असे एक वाक्य लेकीच्या सांगण्यावरून घातले आहे. मुलाला दुसऱ्या पालकाशी दूरध्वनीवरून, व्हिडिओवरून बोलता आले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०२० मध्ये यशिता साहू यांच्या प्रकरणात म्हटले आहे. कोणत्याही कारणाने हुकलेली भेट महिन्याभरात भरून द्यायची आहे. प्रवासाचा जाण्याचा खर्च माझा, येण्याचा त्यांचा. शाळेचे निकालपत्रक आणि पालकसभेची सूचना शाळेने दोघांनाही पाठवायची आहे. दरमहा रक्कम अर्जाच्या तारखेपासून १३,००० झाली, तिच्यात दरवर्षी आठ टक्के वाढ, शिवाय शाळेची निम्मी फी थेट शाळेत. अठरा वर्षांची मर्यादाही आम्ही काढली. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याप्रमाणे अविवाहित मुलगी स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तर अठरानंतरही तिला हक्क राहतो, हे २०१५ मध्ये आम्हाला ठाऊक नव्हते.

वकिलांच्या खर्चाची धास्ती घेऊन जुन्या अटींत अडकून पडलेल्या स्त्रिया मला बँकेच्या खिडकीवरही भेटतात. स्त्रियांना आणि मुलांना, उत्पन्न कितीही असले तरी, विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात चौकशी केल्यास सापडते.

आता लेक दहावीत आहे. परीक्षा तोंडावर आली आहे आणि गेल्या महिन्यात तिने मला सांगितले की, अकरावीला तिला पुण्याला, बाबांकडे राहायचे आहे. तिला ज्या महाविद्यालयात जायचे आहे ते त्यांच्या घरापासून जवळ आहे, हे तिने कारण म्हणून सांगितले, आणि मग हळूच म्हणाली, ‘‘आई, तुला वाईट वाटलं तर नको.’’ मला वाईट वाटले, आणि ते मी तिच्यापासून लपवले नाही. दोन रात्रींनंतर मी तिच्या बाबांना फोन केला. या वेळी आम्ही संयुक्त अर्ज करणार आहोत, दहावीचा निकाल लागण्यापूर्वीच. वास्तव्य त्यांच्याकडे, सुट्ट्या माझ्याकडे आणि रक्कम माझ्याकडून, कारण मुलांच्या निर्वाहाची जबाबदारी कायद्याने आई आणि वडील दोघांवरही टाकलेली आहे. मी माझी पगारपत्रके आणि प्राप्तिकराची विवरणपत्रे काढून ठेवली आहेत. वार्षिक वाढीचे कलम मी दहा टक्क्यांचे लिहिले आहे. गौरी-गणपती साताऱ्यालाच राहतील, फक्त लेकीने या वेळी मसुदा स्वतः वाचून त्यात पेन्सिलीने एक ओळ घातली आहे: दर वर्षी संक्रांत नागपूरला, आजीकडे.